फेंडरवर ‘आर’, दारावर नुसता फिकट चौकोन: सेकंडहँड गाडी घ्यावी का?

चौकोनी_चाक:
अमेरिकेत एक जुनी सेडान बघतोय. डॅशबोर्डवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरचं लेबल जुळतं. बोनेट, डिकी आणि मागच्या दोन्ही दारांवरच्या बारीक स्टिकरवरही तोच नंबर आहे. पण डाव्या पुढच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) नंबर नाही, एक व्यापारचिन्ह, ‘आर’ हे अक्षर आणि ‘डीओटी’ (अमेरिकेचं परिवहन खातं) एवढंच दिसतं. डाव्या पुढच्या दारावर तर काहीच नाही, फक्त फिकट चौकोन. विकणारा म्हणतो, गाडीला कधी अपघात झालेला नाही. यातून काय समजायचं?

पत्रा_आणि_पुट्टी:
फेंडरचं सरळ आहे. ४९ सीएफआर (अमेरिकेची केंद्रीय नियमावली) भाग ५४१ प्रमाणे कारखान्यातून गाडीसोबत निघालेल्या ठरावीक भागांवर पूर्ण १७ अक्षरी व्हीआयएन असतो. बदली म्हणून बनवलेल्या भागावर व्हीआयएन नसतो. बनवणाऱ्याचं चिन्ह, ‘आर’ आणि ‘डीओटी’ असतं. म्हणजे फेंडर नवा घेऊन बसवलाय. ते चोरीचं लक्षण नाही, पण ‘अपघात नाही’ हे बोलणं तिथेच संपलं.

दार मात्र खटकतं. नियमानुसार हे स्टिकर काढायला गेलं की फाटलं पाहिजे किंवा नंबर वाचता येणार नाही असं झालं पाहिजे, आणि खाली गोंदाचा किंवा कागदाचा अंश उरला पाहिजे. तो फिकट चौकोन म्हणजे हाच अंश असू शकतो. तसं असेल तर दाराला स्टिकर होतं आणि कुणीतरी काढलंय.

टॉर्च_घेऊन_या:
आधी उजव्या दारावरच्या स्टिकरची जागा बघा आणि डावीकडे चौकोन बरोबर त्याच जागी आहे का ते ताडून पाहा. बऱ्याच स्टिकरचा गोंद अतिनील टॉर्चखाली चमकतो, त्यामुळे रंगाच्या डागापासून ओळखता येतो. चौकोनाच्या कडेला मास्किंग टेपची सरळ रेघ दिसली तर रंगारी स्टिकर झाकून रंगवत होता, म्हणजे तेव्हा ते जागेवर होतं.

दार भंगार यार्डातून आणलेलं असेल तर त्यावर *दुसऱ्या* गाडीचा व्हीआयएन असायला हवा. तो असणं वाईट नाही, उलट चांगलं. तो नंबर एनआयसीबी या विमा क्षेत्रातल्या संस्थेच्या ‘व्हिनचेक’मध्ये (चोरीच्या गाड्या शोधायची ऑनलाइन सोय) टाका, फुकट आहे, २४ तासांत ५ वेळा चालतं. पण त्यात सहभागी विमा कंपन्यांच्या नोंदीच येतात, म्हणून ‘काही सापडलं नाही’ याला फार किंमत देऊ नका. दाराची पावती मागा.

इंजिन आणि गिअरबॉक्सही सोडू नका. काही गाड्यांत तिथे पूर्ण व्हीआयएनऐवजी ८ अक्षरं कोरलेली असतात: १० वं (मॉडेल वर्ष), ११ वं (कारखाना) आणि शेवटचे सहा. तेवढी जुळली तरी पुरे. आकड्यांभोवतीचा धातू घासून गुळगुळीत केलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

बोनेट_उघडा:
वर एक गोष्ट राहिली, आणि लोक घाबरतात ते नेमकं तिथेच. *कुठल्याच* पॅनलवर स्टिकर नसेल तर बहुधा त्या गाडीला नंबर लावण्यातून सूट मिळालेली असते. भाग ५४३ खाली कंपनी दर मॉडेल वर्षाला एका लाइनसाठी (एका मॉडेलच्या गाड्यांसाठी) सूट मागू शकते. अट अशी की चोरीरोधक यंत्रणा, बहुतेक वेळा इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र), सगळ्या गाड्यांत मूळचीच हवी. सूट मिळालेल्या लाइन भाग ५४१ च्या परिशिष्ट ए-१ मध्ये आहेत. शिवाय ६,००० पौंडांपेक्षा जास्त जीव्हीडब्ल्यूआर (मालासकट कमाल ठरवलेलं वजन) असलेल्या पिकअप आणि एसयूव्हींना हा नियम लागू नाही, त्यामुळे मोठ्या पिकअपवर स्टिकर शोधत बसू नका. तुमच्या गाडीत काही भागांवर आहे आणि एकावर नाही, म्हणून सूट हे कारण इथे चालणार नाही.

चौकोनी_चाक:
बॉडी शॉपने दुरुस्तीत स्टिकर काढलं असेल तर तोही गुन्हाच ना? आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणारा, सायलेन्सरच्या नळीतला भाग) नंबर कुठे शोधू?

पत्रा_आणि_पुट्टी:
नाही. १८ यूएससी ५११ (अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं कलम) मध्ये नंबर जाणूनबुजून काढण्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, पण दुरुस्तीसाठी काढणं खरंच गरजेचं असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला वगळलंय. पत्रा कापावा लागला तर ठीक. नुसतं रंगवायचं असेल तर स्टिकर झाकून भागतं, म्हणून ‘रंगासाठी काढलं’ हे मला पटत नाही. कामाची पावती आणि दुरुस्तीआधीचा फोटो मागा.

कन्व्हर्टर शोधू नका. भाग ५४१ मध्ये नंबर लावायच्या भागांच्या यादीत १८ नोंदी आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, फेंडर, बोनेट, दारं, बंपर, क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा), डिकीचं झाकण वगैरे. कन्व्हर्टर आणि एअरबॅग त्यात नाहीत. १९८४ चा मूळ कायदा गाड्या चोरून सुटे भाग विकणाऱ्या अड्ड्यांना डोळ्यांसमोर ठेवून केला होता, त्यामुळे भर बॉडीच्या पत्र्यांवर आहे.

टॉर्च_घेऊन_या:
पावती मिळाली नाही तर पैसे देण्याआधी पोलिसांकडून व्हीआयएन तपासून घ्यायला विकणाऱ्याला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला की उत्तर मिळालंच.