डॉट ईएनव्ही बदलली, तरी लारावेल जुन्याच डेटाबेसात लिहितं: सगळी कॅश उडवायची की नेमकी?

कापूसकाटा, दारव्हा
राजेहो, जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागल्या की हा प्रश्न हमखास येतो. नव्या हंगामाचा डेटाबेस केला, डॉट ईएनव्हीत (लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या सेटिंगच्या फाइलीत) नाव बदललं, अन् काट्याच्या पावत्या गेल्या हंगामाच्याच डेटाबेसात पडतात. मग कोणी व्हेंडर फोल्डर (बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचा) उडवतं अन् मोबाइलच्या नेटवर ते पुन्हा उतरवत बसतं. काही गरज नाही. सर्व्हरवर कधीतरी 'आर्टिसन कॉन्फिग:कॅशे' (सगळ्या सेटिंगची एक तयार प्रत, म्हणजे कॅश, करून ठेवणारी लारावेलची कमांड) चालवलेलं असतं. त्यानंतर लारावेल डॉट ईएनव्ही उघडतच नाही, बूटस्ट्रॅपच्या कॅशे फोल्डरमधली कॉन्फिग.पीएचपी वाचतं. नवीन आवृत्तीत 'आर्टिसन अबाउट' मारा. कॉन्फिगसमोर 'कॅश्ड' दिसलं तर 'कॉन्फिग:क्लिअर'. जे शिळं तेवढंच काढा.

पुसदकर
नाही पटत. काट्यावर ट्रॅक्टरची रांग, शेतकरी पावतीसाठी ताटकळलेला, तिथं कोणती कॅश शिळी ते शोधत बसायचं काय? 'ऑप्टिमाइझ:क्लिअर' मारला की कॉन्फिग, राउट, व्ह्यू सगळं साफ. काट्यावरच्या पोराला फोनवर सांगायलाही एकच कमांड बरी.

कापूसकाटा, दारव्हा
भाऊ, त्यात अॅप्लिकेशनची कॅशही (अॅपनं स्वतः तात्पुरता साठवलेला डेटा) जाते. लॉगिनची सेशन तिथंच ठेवली असतील तर भर रांगेत काट्यावरचा माणूस लॉगआउट होतो.

मोर्शीची मी
दोघंही क्यू वर्कर (रांगेतली कामं मागं उरकत राहणारी प्रोसेस) विसरलात. पावती वर्करमार्फत साठवत असाल तर कॅश काढूनही तो जुन्याच डेटाबेसात लिहीत राहतो, कारण चालू होताना वाचलेली सेटिंग त्याच्या मेमरीत असते. 'क्यू:रीस्टार्ट' मारला तरी खात्री नाही. वर्करनं थांबावं हा निरोप कॅशमधूनच जातो. कॅश डेटाबेसात ठेवलेली असेल तर निरोप नव्या डेटाबेसात लिहिला जातो अन् वर्कर जुन्यात पाहत बसतो. अशा वेळी प्रोसेस थेट बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. सगळं उडवा म्हणणाऱ्यांचा उपाय इथंच फसतो, पुसदकर.

पुसदकर
वर्करचं मान्य, ताई. पण मग दोष टूलचा नाही का? डॉट ईएनव्ही कॅशनंतर बदललीय, एवढं फाइलच्या वेळेवरून कळतं. एक इशारा द्यायला काय हरकत?

मोर्शीची मी
टर्मिनलवर इशारा दिला तर मलाही हवाच आहे. पण चालू सर्व्हरनं बदललेली फाइल आपोआप उचलू नये. अर्धवट सेव्ह झालेली डॉट ईएनव्ही भर खरेदीत लागू झाली तर? सेटिंग मुद्दामच गोठवतात. म्हणूनच लारावेलवाले सांगतात, घरच्या मशीनवर काम करताना कॉन्फिग कॅश करू नका.

कापूसकाटा, दारव्हा
अन् कंट्रोलरमध्ये (आलेली विनंती हाताळणाऱ्या कोडात) थेट 'ईएनव्ही' फंक्शन वापरणं सोडा. कॉन्फिग कॅश असली की डॉट ईएनव्हीतलं मूल्य तिथं मिळत नाही. ते कॉन्फिग फाइलमध्येच वाचा, बाकी कोडात 'कॉन्फिग' फंक्शन.

पुसदकर
हे करतो. पण फोनवर मी 'ऑप्टिमाइझ:क्लिअर'च सांगणार, फक्त सेशन वेगळ्या जागी ठेवून.