एमईएचं लोडिंग (एका मोल अमाइनमागे सीओटूचे मोल) ०.६९ येतंय, कुठे चुकतंय?

प्रयोगवही
३० टक्के एमईए (मोनोइथेनॉलअमाइन, सीओटू शोषणारं अमाइन), ४० अंश, शुद्ध सीओटू चार तास सोडला. मग १ मिली नमुना, मिथाइल ऑरेंज, वरून हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि सुटलेला वायू चिटिकवर (ब्युरेटमध्ये वायूचं आकारमान मोजायचं उपकरण) मोजला. अमाइनच्या दोन रेणूंमागे एक सीओटू, म्हणजे ०.५ च्या पुढे जायलाच नको ना? तीनदा केलं, तीनदा तेच. सोमवारी सरांना दाखवायचंय.

सॉल्व्हंटवाली
आधी सांग, एका मोलला किती लिटर धरलेस? आणि लॅब कुठे आहे?

प्रयोगवही
२२.४. लॅब पुण्यात. खोलीत ३० अंश होते. आम्लाचं आकारमान वजा केलंय.

सॉल्व्हंटवाली
मग नमुना नीटच घेतलायस, घाबरू नकोस. २२.४ हे शून्य अंशाला आणि ७६० मिलिमीटर दाबाला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, तिथे दाब ७१० च्या आसपास असतो. त्यातून ब्युरेटमधल्या वाफेचे पंचवीसेक मिलिमीटर वजा कर, तापमानाचं २७३/३०३ लाव. तुझे ०.६९ येतील ०.५६ वर. माझ्या पीएचडीत मी बॅरोमीटरकडे न बघता तीन महिन्यांची रीडिंग्ज घेतली होती, सगळी परत करावी लागली. म्हणून हे इतकं कळकळीने लिहितेय. दर नमुन्याला तापमान आणि दाब वहीत लिहीच.

आता ०.५६ सुद्धा ०.५ च्या वरच, पण ते खरं आहे. दोनास एक हा हिशोब कार्बामेटचा, म्हणजे सीओटू थेट अमाइनला जोडून बनणाऱ्या संयुगाचा. शुद्ध सीओटू सोडत राहिलीस की कार्बामेट पाण्याने फुटतं, एक अमाइन मोकळं होतं आणि बायकार्बोनेट बनतं. तिथे हिशोब एकास एक.

चिमणीखालचा
ताईंचं बरोबर. एक भर: कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात सीओटू १२ ते १५ टक्केच असतो, तिथे एमईए सहसा ०.५ च्या आतच थांबतं. सरांना तुलना दाखवायची तर नायट्रोजन मिसळून एक रन घे. वायू आधी पाण्यातून सोड, नाहीतर सोल्युशनमधलं पाणी उडून अमाइन घट्ट होतं.

प्रयोगवही
ताई, तिन्ही रीडिंग्ज नव्याने मांडली: ०.५६, ०.५५, ०.५६. दादा, १५ टक्क्यांचा रन उद्या सकाळी लावते. सिलिंडर आहे, फ्लोमीटर शेजारच्या लॅबमधून मागून आणलाय.