शब्दचर्चा : बिबट्याचं ‘आवडतं खाद्य’ म्हणावं का?

कोरांटी :
एका अभयारण्याच्या फाटकाशी लावायच्या माहितीफलकांचा मजकूर लिहिते आहे. कोणता शिकारी प्राणी कोणत्या जनावरांची शिकार जास्त करतो आणि का, असा एक फलक आहे. हाती आलेल्या मसुद्यात ‘वाघाचे आवडते खाद्य : सांबर’, ‘बिबट्याचे आवडते खाद्य : कुत्रा’ असं आहे. ‘आवडते’ मला खटकतं. ‘पसंतीचे भक्ष्य’ केलं तरी अर्थ तोच राहतो, आणि भाषा अवघडते. शिवाय भक्ष्य, सावज, शिकार यांतला कोणता शब्द इथे बसेल?

अव्यय :
आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ‘शिकार’ फारसीतून आला. मारण्याची क्रिया आणि मारलेलं जनावर, दोन्हींना चालतो : ‘वाघानं शिकार केली’, ‘शिकार ओढत नाल्यात नेली’. ‘सावज’ जिवंत असतं. ते टप्प्यात येतं, हेरलं जातं, निसटतं. मरून पडलेल्या जनावराला आपण सहसा सावज म्हणत नाही. ‘भक्ष्य’ म्हणजे खाण्याजोगं. त्यात दोन जातींमधलं कायमचं नातं आहे. ‘चितळ हे वाघाचं भक्ष्य आहे’ हे विधान एकाही चितळाला ओरखडा न उमटता खरं असतं. तुमच्या फलकावर भक्ष्यच हवं. त्यातला ‘य’ मात्र सोडू नका. ‘भक्षस्थानी’ असं सर्रास छापलं जातं. शब्द ‘भक्ष्यस्थानी’ आहे, म्हणजे भक्ष्याच्या जागी.

जाता जाता : सावज हा शब्द ‘श्वापद’वरून आला असं मानतात. गुजरातीत सावज म्हणजे गीरचा सिंह. तिकडे तो शिकार करणाऱ्याला लागला, आपल्याकडे शिकार होणाऱ्याला.

ओतूरकर :
‘आवडतं’ काढाच. आमच्या उसाच्या पट्ट्यात या शब्दानं नुकसान होतं. बिबट्याला कुत्रं आवडतं म्हटलं की ऐकणारा म्हणतो, मग काय इलाज? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं. वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं निघालं. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरं १५ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही!

शेळी बिबट्याला गोड लागत नाही असं थोडंच आहे? शेळी दिवसा राखणीत चरते आणि रात्री गोठ्यात दाराआड असते. मेंढरांभोवती धनगर वाघर लावतात. (वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी. ऐकताना वाघ आठवतो, पण मूळ संस्कृत ‘वागुरा’, शिकाऱ्याचं जाळं.) कुत्रं मात्र रात्रभर अंगणात, उकिरड्यावर, उसाच्या कडेला मोकळं फिरतं. त्याला आपल्या भाषेत शब्द आहे : सोपं सावज. ‘सहज सापडणारं भक्ष्य’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला रात्री कुत्रं आत घ्यायचं तरी सुचेल.

नवेगाव :
कुत्र्याच्या बाबतीत पूर्ण पटलं. पण सगळा फलक ‘सहज सापडणारं’वर उभा केलात तर वाघाबद्दल चुकीचं लिहिलं जाईल. समोर येईल ते वाघ सारख्याच प्रमाणात मारत नाही. कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी एकाच जंगलातले वाघ, बिबटे आणि रानकुत्री (आमच्याकडचे कोळसुंदे) अभ्यासले. निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. वाघाच्या मुख्य भक्ष्याचं सरासरी वजन ९१.५ किलो, रानकुत्र्यांच्या ४३.४ आणि बिबट्याच्या ३७.६. वाघाचा ओढा १७६ किलोंच्या वरच्या जनावरांकडे होता. बिबट्या ३० ते १७५ किलोंच्या गटात राहिला.

कारण हिशेबाचं आहे. एवढ्या मोठ्या देहाला सशावर भागत नाही. पाठलागात खर्ची पडलेली ताकद भरून निघायला हवी. त्याच वेळी जनावर इतकंही मोठं नको की एका लाथेत किंवा शिंगाच्या फटक्यात शिकारीच जायबंदी होईल. जखमी वाघाला कोणी आणून घालत नाही. म्हणून गव्यांमध्ये वाघाचा भर कमी वयाच्या जनावरांवर दिसला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. चितळ, सांबर आणि रानडुक्कर यांच्यात वाघाच्या तावडीत पूर्ण वाढलेले नर प्रमाणाबाहेर सापडत होते. चितळाच्या बाबतीत रानकुत्र्यांचंही तेच. नर बरेचदा कळपापासून सुटा असतो, झुंजीत जखमी होतो, माजाच्या दिवसांत बेसावध असतो. म्हणजे एकाच जातीतही सगळ्यांच्या वाट्याला सारखा धोका येत नाही. याला ‘उपलब्धता’ म्हणता येणार नाही.

कोरांटी :
मग सहज मिळालं म्हणून खाल्लं आणि निवडून मारलं, यांतला फरक अभ्यासक कसा ओळखतात?

नवेगाव :
दोन वाटे ताडून बघतात. समजा, जंगलातल्या दर शंभर भक्ष्यांत दहा सांबरं आहेत. शिकारीतही शंभरात दहाच निघाली तर निवड नाही; तीस निघाली तर निवड आहे; दोनच निघाली तर वाघ सांबर टाळतो आहे किंवा ते त्याला चुकवतं आहे. नुसती ‘सर्वांत जास्त काय खाल्लं’ ही यादी बघून यातलं काही कळत नाही. आणि ‘आवडते खाद्य’ छापणारे नेमकी तीच यादी बघतात!

अव्यय :
तर मग शब्द ‘भक्ष्यनिवड’. निवड म्हटली की विचार करून केलेली, अशी शंका कोणी काढेल. पण ‘नैसर्गिक निवड’ मराठीत रुळून काळ लोटला, आणि तिथे तर निवडणारा कोणीच नाही. वाक्यात ‘कल’ वापरा : ‘वाघाचा कल मोठ्या जनावरांकडे असतो.’ कल जमिनीला असतो, भिंतीला असतो, वाऱ्यालाही असतो. त्यात जिभेचे चोचले येत नाहीत.

ओतूरकर :
क्रियापदंही गावाकडची ठेवा. बिबट्या कुत्रं ‘उचलतो’, लांडगा मेंढरू ‘पळवतो’, वाघ गाय ‘मारतो’. तिन्हींच्या जागी ‘शिकार करतो’ लिहिलं की कोण कसा येतो आणि काय करून जातो, हे सगळं पुसलं जातं.

कोरांटी :
असं केलंय, बघा :

‘भक्ष्यनिवड. वाघाचा कल सांबर, गवा अशा मोठ्या भक्ष्याकडे असतो. एका शिकारीत अनेक दिवसांचे खाणे होते. बिबट्या मध्यम आकाराच्या जनावरांवर जगतो. गावाजवळ मोकळी फिरणारी कुत्री त्याला सहज सापडतात, म्हणून तो ती उचलतो.’

नवेगाव :
‘गवा’च्या आधी ‘कमी वयाचा’ घाला. नाहीतर पोरं पूर्ण वाढलेल्या बैलगव्यावर तुटून पडलेला वाघ डोळ्यांसमोर आणतील. बाकी छापायला द्या.