बिल ५९ हजार, मंजूर ३४,२००: नेमके कुठे कापले?

सोनल (ए-१०२): गेट नं. २ समोर टेम्पो रिव्हर्स घेताना आमच्या गाडीवर आला होता, त्याचा आमच्या गाडीच्या विम्यातून क्लेम. गॅरेजचं बिल ५९,०००, विमा कंपनीने मंजूर केले ३४,२००. गाडी ३ वर्षं ४ महिन्यांची, १२०० सीसी, झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलेलं नाही. विचारलं तर "पॉलिसीप्रमाणे डेप्रिसिएशन" एवढंच उत्तर. गाडी गॅरेजमध्येच आहे आणि ते म्हणतात, फरक भरा आणि घेऊन जा.

कुलकर्णी काका (सी-७०१): एकूण आकड्यावर वाद घालू नकोस, त्यातून काही निघत नाही. बिल पार्टनिहाय टाक.

सोनल (ए-१०२): जीएसटी धरून: पुढचा बंपर ९,६००, हेडलॅम्प ७,८००, फेंडर ४,०००, बॉनेट १०,०००, पुढची काच ८,०००, पेंटिंग १२,०००, लेबर ६,०००, कूलंट-क्लिपा-सीलंट १,६००.

कुलकर्णी काका (सी-७०१): आता बघ. घसारा म्हणजेच डेप्रिसिएशन, जुन्या पार्टची किंमत घटली म्हणून होणारी कपात. त्याचा तक्ता पॉलिसीच्या छापील शर्तींत असतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांना गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. फायबरग्लासला ३०. काचेला शून्य. लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे: तिसऱ्या वर्षात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पुढे दहा वर्षांपर्यंत ४०.
तुझ्या गाडीला लोखंडाचे २५.
बंपर ४,८०० गेले. हेडलॅम्प ३,९०० (त्याची काच आता प्लास्टिकचीच असते, तिथे भांडू नकोस). फेंडर १,०००. बॉनेट २,५००. लेबरमधून काही नाही. कूलंट-क्लिपा १,६०० पूर्ण तुझ्याकडे, कारण कन्झ्युमेबल्सचं (वापरून संपणाऱ्या वस्तूंचं) ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर नाही. १५०० सीसीपर्यंत सक्तीची वजावट (दर क्लेमला आपणच सोसायची रक्कम) १,०००.

मनीषाताई (बी-४०३): काका, पेंटिंग राहिलं. तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. घसारा फक्त रंगाच्या मटेरियलवर लागतो, मजुरीवर नाही. बिलात मटेरियल वेगळं दाखवलं नसेल तर एकूण पेंटिंगच्या २५ टक्के मटेरियल धरायचं. म्हणजे १२,००० चे ३,०००, त्याचे निम्मे १,५००. एवढेच कापायचे.

कुलकर्णी काका (सी-७०१): बरोबर. एकूण कपात १६,३००. मिळायला हवे ४२,७००. म्हणजे ८,५०० जास्त कापलेत.
सोनल, सर्व्हेअरची (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याची) असेसमेंट शीट, म्हणजे कुठे किती कापलं त्याचा तक्ता मागव. ती मागायचा तुला हक्क आहे, मेलवर मागायची. माझा अंदाज सांगतो: पेंटिंगच्या पूर्ण १२,००० वर ५० टक्के लावलेत (४,५०० जास्त) आणि काच प्लास्टिकच्या रकान्यात टाकली (४,०००). बेरीज बरोबर ८,५०० येते.

सोनल (ए-१०२): शीट आत्ता व्हॉट्सॲपवर आली. काका, अगदी तसंच आहे. काच ५० टक्के, पेंटिंग ५० टक्के.

मनीषाताई (बी-४०३): काचेभोवतीची रबरी पट्टी ५० टक्क्यांत बसते, काच नाही. पुष्कळदा गॅरेजच एस्टिमेटमध्ये "काच किट" म्हणून एकच ओळ लिहितं आणि मग सगळ्यालाच घसारा लागतो. गॅरेजकडून दोन वेगळ्या ओळींचं एस्टिमेट घे. काचेमागे एडीएएसचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर त्याच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे तो नीट जुळवून घेण्याचा खर्चही एस्टिमेटमध्ये आधीच दाखवायला सांग. नंतर घातला तर तो मंजूर करून घेणं अवघड जातं.

नितीन (डी-६०५): पण चूक टेम्पोवाल्याची होती. त्याच्या इन्शुरन्सकडून पूर्ण पैसे घ्या ना, आपला एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) कशाला घालवायचा?

कुलकर्णी काका (सी-७०१): नितीन, आपल्याकडे समोरच्याच्या कंपनीत जाऊन फॉर्म भरला आणि चेक मिळाला असं होत नाही. थर्ड पार्टीचा दावा (समोरच्याच्या विम्यावरचा) मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. मालमत्तेच्या नुकसानीला चारचाकीसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, पण पोलिसांतली नोंद, पंचनामा, टेम्पोची पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स हे सगळं लागतं. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तोपर्यंत गाडी कोण दुरुस्त करणार? आणि एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत.
एनसीबीचं मात्र बरोबर म्हणतोस. चूक कुणाचीही असो, आपल्या पॉलिसीतून क्लेम घेतला की तो जातो. सोनलला पुढच्या रिन्यूअलला ३५ चा ४५ टक्के झाला असता, तो आता शून्य. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा) प्रीमियम ८,००० धरला तर ३,६०० चा फटका. ४२,७०० पुढे ते परवडतं. नुसता बंपर फुटला असता तर नसतं परवडलं.

नितीन (डी-६०५): समजलं. मग थेट ग्राहक आयोग?

मनीषाताई (बी-४०३): ८,५०० साठी वकील कशाला? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा हेल्पलाइन १५५२५५. तरीही नाहीच, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा). आपल्या पुण्याचं त्यांचं ऑफिस नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर. फी नाही, वकील नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. फोनवरच्या बोलण्याला तिथे काडीची किंमत नाही, म्हणून आजपासून सगळं मेलवर.

सोनल (ए-१०२): पण गाडी हवी आहे. फरक भरून डिस्चार्ज व्हाउचरवर (क्लेमची रक्कम मान्य असल्याच्या कागदावर) सही केली की संपलं का?

मनीषाताई (बी-४०३): व्हाउचरवर "फुल अँड फायनल" असतं, तिथेच माणूस अडकतो. सहीच्या वर हाताने लिही: "हक्क राखून, अंडर प्रोटेस्ट", खाली तारीख. फोटो काढ. फरकाची पावती स्वतःच्या नावावर घे. कोऱ्या व्हाउचरवर किंवा कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही कधीच नको. गॅरेजवाला अपघाताचं वर्णन स्वतःच्या मनाने भरतो, ते जागेवरच्या फोटोंशी जुळत नाही आणि क्लेम अडतो. गाडी कोण चालवत होतं हे चुकीचं लिहिलं गेलं तर पूर्ण क्लेम जाऊ शकतो.

कुलकर्णी काका (सी-७०१): डिलिव्हरी घेण्याआधी बंपर काढल्यावर आत काही सापडलं होतं का ते विचार. रेडिएटरचा सपोर्ट, एसीचा कंडेन्सर वाकलेला असेल तर पार्ट बदलायच्या आधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवावं लागतं. आधी बदलला, जुना भंगारात गेला, की मंजुरी विसरा.
बाकीच्यांसाठीही सांगतो: ऑइल चेंबरला दगड लागला किंवा रेडिएटर गळतोय, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करा. तेल गळून इंजिन बसलं की कंपनी म्हणते, हे अपघाताचं नुकसान नाही, नंतर चालवल्यामुळे झालं. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारण्याचंही तेच.

सोनल (ए-१०२): मेल असा चालेल का? "असेसमेंट शीटमध्ये पुढच्या काचेला ५० टक्के घसारा लावला आहे, शर्तींप्रमाणे तो शून्य आहे. पेंटिंगचा घसारा पूर्ण रकमेवर लावला आहे, तो २५ टक्के मटेरियलवर हवा. फरक ४,००० + ४,५०० = ८,५००. सुधारित असेसमेंट द्यावी, अथवा नाकारण्याचं कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी कळवावं."

मनीषाताई (बी-४०३): उत्तम. क्लेम नंबर विषयात घाल, शीट आणि बिल जोड, सर्व्हेअरला सीसी ठेव.

सेक्रेटरी: सोनल, गेट नं. २ चं फुटेज ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आज १९ वा दिवस आहे. पेनड्राईव्ह घेऊन सातनंतर ऑफिसला ये, कॉपी करून देतो. मूळ कॉपी मी वेगळी ठेवतो, पोलिसांनी मागितली तर लागेल.

सोनल (ए-१०२): येते. ३२ जीबीचा पुरेल ना?

सेक्रेटरी: पुरेल. अपघाताच्या आधीची-नंतरची १५-१५ मिनिटंही घेऊ, टेम्पोचा नंबर आत शिरतानाच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो.