मदत हवी आहे : स्पॅनिश आणि मराठी, दोन्ही घरांत शोभेल असे मुलीचे नाव

नमस्कार. माझी भाची माद्रिदमध्ये राहते, तिचे यजमान स्पॅनिश आहेत आणि त्यांच्याकडे लवकरच बाळ येणार आहे. मुलगी झाल्यास नाव दोन्ही भाषांत सहज उच्चारता यावे आणि अर्थानेही सुंदर असावे, अशी दोन्ही आजींची इच्छा आहे.

अडचण उच्चारांची आहे. स्पॅनिशमध्ये रोमन जे या अक्षराचा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ख’सारखा होतो, एच मूक राहतो आणि व्ही ‘ब’सारखा ऐकू येतो, त्यामुळे जया, हेमा, वेदा ही आमच्या मनातली नावे तिथे ओळखू येणार नाहीत.

तिकडच्या नावांपैकी मला ‘आल्बा’, म्हणजे पहाट, फार आवडले, कारण आपली ‘उषा’च ती. ‘लुसिया’ प्रकाशवाचक लॅटिन शब्दावरून आले आहे. पिलार, मेर्सेदेस, दोलोरेस ही मेरीमातेच्या उपाधींवरून आलेली नावे; त्यांतले दोलोरेस म्हणजे दुःखे, म्हणून श्रद्धेचा मान राखूनही ते मला बाळासाठी नकोसे वाटते. माद्रिदची अधिष्ठात्री असलेले मेरीमातेचेच रूप आल्मुदेना, हिचे नाव मात्र मूळ अरबी शब्दावरून आल्याचे मानतात, हे वाचून मी हरखून गेले.

तेथील कायद्याप्रमाणे दोन साधी, म्हणजे जोडनाव नसलेली, नावे ठेवता येतात. तेव्हा ‘आल्बा’शेजारी शोभेल आणि वरील अक्षरे टाळेल असे मराठी नाव कृपया सुचवावे, स्पेनमध्ये वाढलेल्या मराठी मुलांच्या पालकांचा अनुभव समजल्यास विशेष उपयोग होईल.