पहिली गिटार ऑनलाइन घेऊ नये – माझं ठाम मत

बावडेकर
पोराची गिटार काल कुरिअरनं आली. ट्यून केली आणि पंधरा मिनिटांत गडी बोटं चोळत बसला. बघतो तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, जाड तार इतकी उंच, की खालून एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून आरपार गेली! मोठ्या माणसाची बोटं सोलतील, पोराचं काय घेऊन बसलाय.

१९८८ साली गणपतीच्या ऑर्केस्ट्रासाठी आम्ही चौघं कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. व्हीटीला उतरून चालत धोबी तलाव. फुर्टाडोज, १८६५ सालचं दुकान, त्याची काच डोळे भरून बघितली आणि खिशाला परवडेल ती कलकत्त्याची गिटार दुसरीकडं घेतली. त्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं आधी माझी बोटं बघितली. मग ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी उपसून तार खाली यावी म्हणून काचपेपरवर घासली, बसवली, वाजवली, परत उपसली. असं तीनदा. वर एक पैसा घेतला नाही. आता खोकं दारात येतं, घासून देणारा माणूस येत नाही. म्हणून म्हणतो, पहिली गिटार दुकानातूनच घ्या.

राजारामपुरीची
काका, तुम्हाला म्हातारा चांगला भेटला. मला भेटलेला ऐका. २००४, आपल्याच गावातलं एक दुकान. गिटारी दोनच, एक काळी, एक पिवळी, कपाटावर पेट्यांच्या मागं धूळ खात. वाजवून बघू का विचारलं तर म्हणाला, "घेणार असाल तर काढतो." नंतर माझ्याकडं न बघता बाबांना, "मुलीला कीबोर्ड बघा की." मी हट्टानं काळी घेतली. रंगावरून! तिची मान वाकडी आहे हे कळायला दोन वर्षं गेली. घासून देणं वगैरे सोडाच, तारा बदलायच्या तर "पुढच्या महिन्यात या".

आज मी एकेका मॉडेलचे दहा व्हिडिओ बघून घेते. नाही पटली तर परत पाठवते. मला कुणी कीबोर्ड बघायला सांगत नाही.

मिरजेचा तंबोरा
दोघंही मुंबई आणि मोबाईल यातच अडकलाय. पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. २०२४ साली आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या जवारी काढणारे हात आहेत. द्या गिटार त्यांच्याकडं.

खर्ज
भावा, मिरजेला मुजरा, पण हा घोळ करू नका. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट मानेत ठोकून बसवलेले आणि मानेच्या पोटात लोखंडी सळई. आणि जवारी म्हणजे तार घोडीला, म्हणजे सतारीच्या ब्रिजला, हलकी घासून झणकार काढायची कला. गिटारवाला तोच झणकार घालवायला पैसे मोजतो!

बावडेकर, जुलैत मागवली ना? आपल्या पावसात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते, ब्रिज उचलतो, तार वर जाते. दिवाळीनंतर थोडी उतरेल.

बावडेकर
प्लायवूडची आहे हो. ती काय फुगणार? आणि दिवाळीपर्यंत पोरगं गिटार ठेवून परत मोबाईलला चिकटेल, त्याचं काय?

राजारामपुरीची, तुमच्या दुकानदाराचं वागणं वाईटच. पण परत पाठवायला तरी वाईट काय ते कळायला हवं. नवशिक्याला वाटतं, आपलीच बोटं कच्ची. तो गिटार परत करत नाही, गिटारच सोडतो. माझा मुद्दा एवढाच आहे.

राजारामपुरीची
हा मुद्दा मान्य. पण ते शिकायला मुंबई लागत नाही. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्यावर तार आणि फ्रेट यांत किती फट दिसते? व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी बास.

बावडेकर
तीन कार्डं गेली.

राजारामपुरीची
मग मान पुढं झुकलीय. खोक्यात एल आकाराची चावी असेल. तारा जरा ढिल्या करा, मानेतल्या सळईला पाव फेरा, घड्याळाच्या दिशेनं. पावच! मग ट्यून करून परत मोजा. जोर लावावा लागला तर थांबा आणि जाणकाराकडं न्या.

खर्ज
पैलवानकी करू नका काका, सळई तुटली तर मान गेली.

बावडेकर
चावी फोमच्या खाली सापडली, कचऱ्यात चाललीच होती. काल पाव फेरा, आज सकाळी अजून पाव. आता एक नाणं जातं, दुसरं अडकतं. पोरगं वाजवतंय.

मत बदललेलं नाही. चावी कशाची ते खोक्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.