टच पॅनेल अर्ध्या मिनिटात गप्प: डिव्हाइस ट्रीत रेग्युलेटर कसा लिहायचा?

तांब्याचीतार: आमच्या बोर्डावर गुडिक्स कंपनीचा टच आहे. लिनक्स सुरू झाल्यावर झकास चालतो, मग अर्ध्या मिनिटात ठप्प. मीटर लावला तर टचला वीज देणारी २.८ व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाइन) शून्यावर. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय काय आहे हे लिनक्सला सांगणारं वर्णन) ही रेल पुरवणाऱ्या रेग्युलेटरच्या नोडमध्ये, म्हणजे नोंदीत, ‘रेग्युलेटर-बूट-ऑन’ आहे, तरी असं का? ‘ऑल्वेज-ऑन’ टाकलं की चालतं, पण यंत्र बॅटरीवरचं, रेल कायम चालू ठेवणं परवडत नाही.

जुनाखोडकर: बूट-ऑन म्हणजे बूटलोडरने (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) रेल आधीच चालू केली आहे, एवढीच खबर. ती पुढेही चालू ठेवा, असं त्यात कुठे आहे? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३० सेकंद वाट बघतो आणि कुणीच न मागितलेल्या रेल बंद करतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘डमी रेग्युलेटर’ची ओळ दिसते का बघा.

तांब्याचीतार: दिसते, एव्हीडीडी२८ च्या नावाने.

जुनाखोडकर: मग झालं की! टचला खरी रेल नाही, नुसता नावापुरता रेग्युलेटर मिळाला, म्हणून खरी रेल कुणी मागितलीच नाही. टचच्या नोडमध्ये ‘एव्हीडीडी२८-सप्लाय’ लिहून तुमच्या रेग्युलेटरचा फँडल (त्या नोडचा संदर्भ) द्या. नाव बाइंडिंगमध्ये (नोड कसा लिहायचा ते सांगणाऱ्या कागदपत्रात) आहे तस्संच, कॅपिटल अक्षरांसकट. ‘व्हीडीडीआयओ-सप्लाय’सुद्धा. नाव चुकलं तर कर्नल अडत नाही, डमी देऊन मोकळा होतो. हा चांगुलपणा मला मुळीच आवडत नाही.

रेझिस्टरराव: रेल जीपीआयओवरची (सॉफ्टवेअरने चालू-बंद होणाऱ्या पिनवरची) ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ असेल तर ‘एनेबल-अ‍ॅक्टिव्ह-हाय’ विसरू नका. ते नसलं तर पिन अ‍ॅक्टिव्ह-लो धरली जाते, म्हणजे पिन खाली गेली की रेल चालू, मग जीपीआयओच्या फ्लॅगमध्ये काहीही लिहा.

तांब्याचीतार: दोन्ही सप्लाय जोडले, ऑल्वेज-ऑन काढलं. टच चालतोय. धन्यवाद मंडळी!